तीन ओळी वर सरकलेली ओळ

माझ्या हातून आयुष्यात एकच मोठी चूक झाली, असं मी सत्तावीस वर्षं लोकांना सांगत आलो. बायकोला लग्नाआधी सांगितलं. मुलीला ती दहावीत असताना सांगितलं. दोन मुलाखतींत तर कुणी विचारलं नसताना सांगितलं आणि दोन्ही नोकऱ्या घालवल्या. लोक आपल्या चुका झाकतात, मी माझी मिरवत फिरलो. कारण चूक कबूल करणारा माणूस लहान होत नाही, असं माझ्या सरांनी मला शिकवलं होतं. हे वाक्य त्यांनीच शिकवावं, हे आता आठवलं की माझं डोकं फिरतं.

सर म्हणजे माझे पहिले साहेब. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये पंप बनवणारा एक कारखाना होता, आता त्या जागी टॉवर उभे आहेत. तिथल्या ड्रॉइंग ऑफिसात पंपांची ड्रॉइंगं कॉम्प्युटरवर व्हायची आणि ते कॉम्प्युटर युनिक्सवर चालायचे. ते सांभाळायला आम्ही दोघंच, सर आणि मी. मी कळव्याच्या चाळीत वाढून, डिप्लोमा करून आलेलो, पंचविशीचा. सर वयाने माझ्या दुप्पट, डोंबिवलीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खिशाला दोन पेनं. युनिक्सचा ‘य’ मला त्यांनी शिकवला, हे आजही नाकारत नाही.

युनिक्सची एक खोड इथेच सांगून टाकतो, कारण सगळं महाभारत तिच्यावरून घडलं. तुम्ही काही लिहून सेव्ह केलंत की मशीन लगेच ‘झालं’ म्हणतं. खरं तर ते तुमचं काम मेमरीत ठेवतं आणि फुरसतीने डिस्कवर उतरवतं. हातात अर्ज घेऊन ‘झालं तुमचं काम’ म्हणणारा आणि अर्ज टेबलावर तसाच पडू देणारा कारकून असतो ना, तसं. आत्ताच्या आत्ता सगळं डिस्कवर उतरव असा हुकूम द्यायचा असेल तर ‘सिंक’ असं टाइप करायचं. आणि जुन्या लोकांची रीत अशी, की हा हुकूम तीनदा द्यायचा, तीन वेगळ्या ओळींत. पहिल्याने काम नुसतं सुरू होतं, पुढचे दोन ते संपवायला लावतात, असं सर सांगायचे.

पहिल्यांदा तीनदा टाइप करताना माझ्या तोंडून न राहवून निघून गेलं, “दुतियम्पि, ततियम्पि.” म्हणजे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. आमच्या घरी रोज संध्याकाळी बुद्धवंदनेतलं त्रिशरण व्हायचं, ते असंच तीनदा म्हणतात. सरांनी चष्म्यावरून बघितलं. “काय म्हणालास?” मी घाबरत घाबरत सांगितलं. ते हसले. “बरोबर आहे तुमच्या लोकांचं. एकदाच म्हटलेल्यावर विश्वास ठेवू नये.” त्या दिवसापासून हा माणूस मला वडिलांच्या जागी झाला. माझे वडील मी नववीत असतानाच गेले होते.

‘तुमच्या लोकांचं’ हे शब्द तेव्हा मला खटकलेसुद्धा नाहीत.

सरांचं एक वेड होतं, नोंदींचं. युनिक्समध्ये अशी सोय असते, की तुम्ही लिहिलेल्या प्रोग्रॅमची प्रत्येक आवृत्ती मशीन जपून ठेवतं. बदल कुणी केला, कोणत्या दिवशी, किती वाजता, हे ते आपणहून लिहितं, आणि बदल का केला ते तुम्हाला विचारतं. सगळे तिथे नुसतं एंटर मारून पुढे जायचे. मीही एकदा गेलो. सरांनी मला सगळ्या ऑफिससमोर झापलं. “कोऱ्या नोंदीला मी चोरी म्हणतो,” म्हणाले. त्यानंतर मी स्वल्पविराम बदलला तरी कारण लिहायला लागलो. ड्रॉइंगवाले आम्हाला ‘चित्रगुप्त आणि मंडळी’ म्हणायचे.

मग कारखान्यात नवीन मशिनं घ्यायची ठरली. प्रश्न होता डिस्कचा. डिस्क आणि मशीन यांच्यामधला जो रस्ता, त्याला इंटरफेस म्हणतात. तेव्हा दोन चालायचे. एक महाग, त्याला म्हणायचं ‘स्कझी’. दुसरा स्वस्त, ‘आयडीई’. स्कझी हा शब्द आमच्या स्टोअर्सच्या कारकुनाला जन्मात लिहिता आला नाही, तो कागदोपत्री ‘सखूजी डिस्क’ लिहायचा, जणू कुणी वतनदारच. तर या सखूजीची खुबी अशी, की चौघांनी एकदम काम मागितलं तर ती चौघांचंही ऐकून घ्यायची आणि सोयीच्या क्रमाने उरकायची. आयडीई एका वेळी एकाचंच ऐकायची, आणि तेवढ्यासाठीसुद्धा मशीनच्या प्रोसेसरला राबवून घ्यायची. आमच्याकडे एका मशीनवर चार चार ड्राफ्ट्समन बसायचे. तेव्हा वेगात खरंच किती फरक पडतो, हे मोजून रिपोर्ट द्यायचं काम सरांनी मला दिलं. पहिलं स्वतंत्र काम. मी हवेतच.

मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. आधी घड्याळ बघायचं, मग डिस्कवर एक मोठी फाइल लिहायची, मग तीनदा सिंक, आणि मग पुन्हा घड्याळ बघायचं. सगळं मर्म त्या शेवटच्या ओळीत आहे. घड्याळ सिंकच्या नंतर बघितलं तरच तुम्ही डिस्क मोजली. सिंकच्या आधी बघितलं तर तुम्ही नुसती मेमरी मोजली, आणि मेमरीला काय, तिच्यापुढे सगळ्या डिस्क सारख्याच वेगवान दिसतात.

शनिवारी मी आमच्या स्कझीच्या मशीनवर आणि विक्रेत्याने चाचणीपुरत्या ठेवलेल्या आयडीईच्या मशीनवर चाचणी घेतली. स्कझीला चोवीस सेकंद. आयडीईला एक मिनिट अकरा. चार प्रोग्रॅम एकदम सोडले तेव्हा आयडीईचं मशीन असं अडकलं, की मी खाली जाऊन चहा पिऊन आलो तरी दिवा लाल तो लालच. मी आकडे कागदावर लिहून सरांना दिले. त्यांनी ते बराच वेळ बघितले, घडी करून खिशात ठेवले आणि म्हणाले, “छान. सोमवारी विक्रेत्याचा माणूस येणार आहे, त्याच्यासमोर पुन्हा घेऊ आणि तेच आकडे रिपोर्टात घालू.”

दुसऱ्या दिवशी रविवारी माझ्या बहिणीचा साखरपुडा होता, कळव्याला, आमच्याच खोलीत आणि बाहेरच्या गॅलरीत. सर आले. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, घेऊन आले नाहीत, पण स्वतः आले, पेढ्यांचा पुडा घेऊन. आईने त्यांच्यासाठी नवं पातेलं विकत आणलं होतं, वशाटाच्या भांड्याचा स्पर्श नको म्हणून. सतरंजीवर मांडी घालून सर जेवले. भरीत दोनदा मागून घेतलं. चाळीतली बायकामाणसं दारातून डोकावून जात होती. डोंबिवलीचे साहेब आमच्यात जेवले, याचं अप्रूप आठ दिवस पुरलं. आमच्या घरात देव नाहीत, तरी आई त्या दिवसापासून त्यांना देवमाणूस म्हणायला लागली.

सोमवारी विक्रेत्याच्या माणसासमोर मी तोच प्रोग्रॅम चालवला. स्कझी एकोणीस सेकंद. आयडीई एकवीस.

पुन्हा चालवला, पुन्हा तसंच. मी सरांकडे बघितलं. “शनिवारी काहीतरी चुकलं असेल,” ते शांतपणे म्हणाले. “केबल नीट बसली नसेल. होतं असं.” प्रोग्रॅम उघडून बघावा असं माझ्या डोक्यात आलंही नाही. स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम, दोन दिवसांपूर्वी चाललेला, तो कोण उघडून बघतं? वर सर समोर उभे. मी रिपोर्ट लिहिला: दोन्ही इंटरफेसमध्ये लक्षणीय फरक नाही. खाली माझी सही केली. सरांनी नुसतं ‘पाहिले’ लिहून आद्याक्षरं टाकली.

कारखान्याने आयडीईची मशिनं घेतली. महिन्याभरात ड्रॉइंग ऑफिस बसलं. चौघं कामाला बसले की मशीन गोठायचं. ड्रॉइंग उघडायला घेऊन माणूस तंबाखू मळायचा, थुंकून यायचा, तरी पडदा कोराच. एका मोठ्या ऑर्डरची ड्रॉइंगं वेळेत गेली नाहीत, ऑर्डर गेली, आणि चौकशी लागली. माझा रिपोर्ट टेबलावर आला. तिघं अधिकारी समोर बसलेले, सर बाजूच्या खुर्चीत. “ही चाचणी तुम्ही घेतली?” हो. “सही तुमची?” हो. “मग?” मी म्हणालो, “चूक माझी आहे, साहेब.” शनिवारचे आकडे माझ्या मनात होते, पण त्यांचा कागद तर सरांच्या खिशात गेलेला. आणि ते चुकीचे, असं सरांनीच सांगितलेलं.

सर तेव्हा उठून उभे राहिले. “मुलगा प्रामाणिक आहे,” म्हणाले. “अननुभवी आहे. सांभाळून घ्या.” माझे डोळे भरून आले. मला काढलं नाही, शहाडच्या गोदामात पाठवलं. मी खोलीतून बाहेर पडलो, दार पुरतं लागलं नव्हतं, तेवढ्यात आतून एक आवाज आला, “कोट्यातल्यांच्या हातात मशिनं दिली की हेच होणार.” डिप्लोमाला मला प्रवेश आरक्षणातून मिळाला होता, खरं आहे. नोकरी मात्र बारा जणांत पहिला येऊन मिळवली होती. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी आत जाऊन त्याची कॉलर धरली असती. त्या दिवशी मी गप्प राहिलो, कारण चूक माझी होती ना! कुठल्या तोंडाने बोलणार? माझ्या एका चुकीने मी त्याच्या हातात अख्ख्या चाळीला हाणायला काठी दिली, असं मला वाटलं. ते ओझं मी वाहिलं. आमच्यातला कुणी पोरगा शिकून नोकरीला लागला की मला आनंदाच्या आधी भीती वाटायची, माझ्यासारखं करू नये म्हणून.

शहाडला मी नऊ वर्षं गास्केटं आणि बेअरिंगं मोजली. कॉम्प्युटरला हात लावला नाही. नंतर कारखानाच बंद पडला. मग कळव्याला स्टेशनजवळ प्रिंटर आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं, ते अजून चालतंय. सरांकडे जाणं-येणं चालूच होतं. दर दिवाळीला डोंबिवलीला जायचो. नवरात्रात ते दोघं टेंभी नाक्याच्या देवीला यायचे, तेव्हा मी ठाणे स्टेशनवर त्यांना घ्यायला जायचो. मी देवीला जात नाही, मी मांडवाबाहेर त्यांच्या चपला सांभाळत उभा राहायचो. ज्याने नोकरी वाचवली त्याच्या चपला सांभाळण्यात कसला आलाय कमीपणा?

गेल्या मे महिन्यात सरांचा फोन आला. ते आता सत्त्याहत्तरचे. फ्लॅट विकून मुलाकडे बंगलोरला चाललेले. कारखाना बंद होताना जुन्यापैकी एक युनिक्सचं मशीन त्यांनी भंगारातून घरी आणलं होतं, ते कल्याणच्या एका कॉलेजला प्रदर्शनात ठेवायला द्यायचं होतं. “तू घेऊन जा, डिस्क पूर्ण कोरी कर, नवीन सिस्टीम घाल आणि परस्पर पोचतं कर,” ते म्हणाले. “आत काही शिल्लक ठेवू नकोस. कॉलेजची पोरं सगळं उघडून बघतात.” मी टेम्पो करून मशीन दुकानात आणलं. अवजड, पिवळं पडलेलं, पण बटण दाबताच डिस्क अशी गुरगुरली, की मला हसूच आलं. सखूजी जिवंत होते.

आता माझ्यासारख्या येड्यांची एक जमात आहे. जगभर पसरलेली. जुनी युनिक्सची मशिनं घरात बाळगायची आणि कुठला इंटरफेस किती वेगाने चालतो यावरून इंटरनेटवर अजूनही भांडायचं. मी तिथे वाचायचो, लिहायचो मात्र नाही. लिहिणार काय? या विषयात माझी लायकी सिद्ध झालेली होती. पण मशीन समोर आलं तेव्हा वाटलं, कोरी करण्याआधी एकदा बघून घेऊ. त्या चाचणीत मी नेमकं काय चुकलो होतो? मरायच्या आधी तेवढं कळलं तरी बस.

माझं जुनं खातं तसंच होतं. प्रोग्रॅम तिथेच होता. उघडला, आणि पहिल्या नजरेत चूक दिसली. घड्याळ बघायची दुसरी ओळ सिंकच्या आधी होती. फाइल लिहिली, घड्याळ बघितलं, आणि मग तीनदा सिंक. म्हणजे मी डिस्क मोजलीच नव्हती! असली शेंबडी चूक! भर दुपारी दुकानात बसून मी कपाळावर हात मारून घेतला. चाळीतलं चौथीचं पोरही करणार नाही ती चूक मी केली होती, आणि ‘कोट्यातला’ म्हणणारा तो आवाज बरोबरच होता, असं एक क्षण मला मनापासून वाटलं. हे लिहायला लाज वाटते. पण वाटलं होतं.

दुकानात त्याच काळातला एक पीसी होता, आयडीईच्या डिस्कचा. त्यावर युनिक्स घातलं. प्रोग्रॅम होता तसा दोन्हीकडे चालवला. आकडे जवळपास सारखे, सोमवारसारखेच. मग ती ओळ तीन ओळी खाली, सिंकच्या नंतर नेली आणि पुन्हा चालवला. सखूजी पंचविसाच्या आसपास, आयडीई सव्वा मिनिट. म्हणजे शनिवारचे आकडे! मी बावचळलो. प्रोग्रॅम चुकीचा होता तर शनिवारी बरोबर आकडे आलेच कसे?

तरीही मला काही सुचलं नाही बघा. इतका विश्वास! मी फक्त सवयीने, दुरुस्ती केली आहे तर नोंद करावी, म्हणून आधीच्या नोंदी काढल्या. वाटलं होतं एकच असेल, माझी. पण दोन होत्या. पहिली माझी, शनिवारची. दुसरी रविवारची, सकाळी अकरा वीस. करणाऱ्याच्या जागी सरांचं खातं. आणि बदलाचं कारण, इंग्रजीत, नीट वाक्य करून, शेवटी पूर्णविराम देऊन लिहिलेलं. मराठीत सांगायचं तर असं: ‘वरिष्ठांच्या सूचनेवरून वेळेची ओळ सिंकच्या आधी घेतली.’

कारखाना रविवारी बंद असायचा. हा माणूस सुट्टीच्या दिवशी डोंबिवलीहून वागळे इस्टेटला गेला, माझ्या प्रोग्रॅममधली एक ओळ तीन ओळी वर सरकवली, नोंद कोरी कशी सोडायची म्हणून कारण लिहिलं, आणि तिथून पेढे घेऊन आमच्याकडे जेवायला आला. माझ्या आईच्या हातचं भरीत दोनदा मागून खाल्लं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. माणसाला फसवताना त्याला काही वाटलं नाही, मशीनशी खोटं बोलणं मात्र जमलं नाही. आणि आता ती नोंद पुसायलाही मीच. माझ्याच हाताने, माझ्याच दुकानात, वर टेम्पोचं भाडंही माझं.

मी डिस्क कोरी केली नाही. दुकान बंद करून डोंबिवलीला गेलो. सरांच्या इमारतीला लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. घरभर खोकी. काकू आत स्वयंपाकघरात भांडी पेपरात गुंडाळत होत्या. सर बाहेर खुर्चीत बसलेले, बारीक झालेले.

“झाली का कोरी?” त्यांनी विचारलं.

“नाही. सर, मी ती रविवारची नोंद वाचली.”

कुठली, असं त्यांनी विचारलं नाही. खिडकीकडे बघत म्हणाले, “मी नोंद केली होती. लपवलेलं काही नाही. तू कधीही उघडून बघू शकला असतास.”

“शहाडला बसून?”

“वरून सांगितलं होतं. आयडीईच घ्यायचं आधीच ठरलं होतं, त्यांना फक्त रिपोर्ट हवा होता. मी नाही म्हटलं असतं, तर दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं असतं.”

“मग तुम्ही सही करायची होती, सर. माझी कशाला?”

सर म्हणाले, “तुझी नोकरी मी वाचवली, हे विसरू नकोस.” घर पेटवणाऱ्याने बादलीभर पाण्याचे उपकार सांगावेत, तसं.

“आणि आता मला का दिलंत पुसायला? भंगारवाल्याला द्यायचं होतं.”

“तू सांगितलेलं करतोस म्हणून,” सर म्हणाले. “उगाच उकरत बसत नाहीस. म्हणून तुला दिलं.”

मला खूप बोलायचं होतं. येताना सगळं मनात घोकत आलेलो. चौकशीची खोली, तो आवाज, गेलेल्या दोन नोकऱ्या, मुलीला सांगितलेली ती चुकीची गोष्ट. पण त्यांना ठसका लागला, मी उठून पाण्याचा ग्लास त्यांच्या हातात दिला, आणि माझ्या तोंडून निघालं, “सॉरी सर. तुम्हाला त्रास दिला.” ते मान हलवून ‘असू दे’ म्हणाले. मी जिना उतरलो.

खाली फाटकापर्यंत आलो आणि थांबलो. मी सॉरी म्हणालो होतो! त्यांनी मला ‘असू दे’ म्हटलं होतं! म्हणजे हिशोब पुन्हा तिथेच: चूक माझी, मोठेपणा त्यांचा. सत्तावीस वर्षांची सवय, जीभ आपोआप वळली. फाटकाशी उभं राहून मी स्वतःला अशा शिव्या घातल्या, की वॉचमन उठून उभा राहिला. मग मी वळलो. गुडघे दुखतात माझे, तरी तिन्ही जिने पुन्हा चढलो आणि बेल वाजवली.

दार काकूंनी उघडलं. “अरे, काही विसरलास का?”

“हो, काकू. मघाशी मी सरांना सॉरी म्हटलं, ते परत घ्यायला आलेलो.” माझा आवाज चढलेला होता, तो मी खाली आणला नाही. “ती चूक माझी नव्हती. माझी चाचणी बरोबर होती.”

सरांनी पेपर उचलून तोंडापुढे धरला होता. काकू माझ्याकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने बघत होत्या.

“कुठली चाचणी रे?”

“ज्याच्यापायी मला शहाडला पाठवलं ती.”

“पण शहाडला तुझी बढती झाली होती ना?” काकू म्हणाल्या. “हे तर घरी पेढे घेऊन आले होते तेव्हा.”

ज्या चुकीपायी मी दर दिवाळीला मान खाली घालून या घरात येत होतो, तिचं नावसुद्धा या घरात कधी कुणी काढलं नव्हतं. मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो.

“सांगा त्यांना,” मी सरांना म्हणालो, आणि ते सांगेपर्यंत तिथून हललो नाही.